दोन्ही लाल, तरी हाडवैर: लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात इंग्लिश फुटबॉलबद्दल प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रं एकाच लढतीविषयी आली. बऱ्याच जणांनी तेच विचारलं होतं, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मँचेस्टर सिटी आणि एव्हर्टन हे आपापल्या शहरातले शेजारी क्लब असताना युनायटेड आणि लिव्हरपूलचंच वैर एवढं कडवट का? (कोल्हापूर)

पेठेपेठेत फुटबॉलवरून तट पडणाऱ्या गावाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. तिथे वैर गल्ली ओलांडली की सुरू होतं. इथे मात्र दोन शहरं आहेत, मध्ये साधारण पन्नास किलोमीटर अंतर आहे आणि भांडण मुळात पैशाचं आहे.

एकोणिसाव्या शतकात लँकेशरचा कापूस-व्यवसाय दोन हातांत वाटलेला होता. लिव्हरपूलकडे बंदर, मँचेस्टरकडे गिरण्या आणि कापडबाजार. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो कापूसही लिव्हरपूलच्या गोदीत उतरायचा आणि तिथून गिरण्यांकडे जायचा. १८३० साली सुरू झालेली लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे याच मालवाहतुकीसाठी बांधली होती. पण गोदीचे कर आणि रेल्वेचं भाडं मिळून मँचेस्टरच्या गिरणीमालकांना इतकं जड जाऊ लागलं, की त्यांनी समुद्रच आपल्या दारात आणायचं ठरवलं. लिव्हरपूलच्या बंदरवाल्यांनी संसदेत कडाडून विरोध केला. कालव्याचं विधेयक दोनदा बारगळलं आणि तिसऱ्या खेपेला, १८८५ साली, मंजूर झालं. खोदकाम १८८७ मध्ये सुरू झालं आणि १ जानेवारी १८९४ रोजी मँचेस्टर शिप कॅनॉल जहाजांसाठी खुला झाला. लांबी सुमारे ५८ किलोमीटर. समुद्रावरून येणारी बोट आता लिव्हरपूलला वळसा घालून थेट मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डच्या गोदीत लागायची.

लिव्हरपूलच्या पोटावर पाय आला तो असा. कालवा सुरू झाल्यावर चारच महिन्यांत दोन्ही क्लब पहिल्यांदा समोरासमोर आले. त्याविषयी पुढे येतंच आहे.

तरीही सगळं कालव्यावर ढकलायला आम्ही तयार नाही. १९६० पर्यंत या लढतीला आजची धार नव्हती. मॅट बस्बी युनायटेडचे थोर व्यवस्थापक, पण त्याआधी ते लिव्हरपूलचे कर्णधार होते आणि त्याहीआधी मँचेस्टर सिटीकडून खेळले होते. आज असं कुणी केलं तर त्याला दोन्ही शहरांत घर भाड्याने मिळणार नाही. धार चढली ती साठच्या दशकात व्यवस्थापक बिल शँक्लींचं लिव्हरपूल आणि बस्बींचं युनायटेड एकाच वेळी जोरात आले तेव्हा, आणि त्यानंतर एक वर गेला की दुसरा खाली, असं रहाटगाडगं सुरू झालं तेव्हा.

युनायटेडच्या बोधचिन्हावरचं जहाज याच कालव्याची आठवण म्हणून आहे ना? (ठाणे)

नाही. हे इतक्या ठिकाणी छापून येतं की खरंच वाटतं. ते जहाज मँचेस्टर शहराच्या राजचिन्हातून घेतलेलं आहे आणि ते चिन्ह शहराला १८४२ साली मिळालं, म्हणजे कालव्याच्या पन्नास वर्षं आधी. जहाज व्यापाराचं प्रतीक आहे. मँचेस्टर सिटीच्या बोधचिन्हावरही तेच दिसतं.

दोघांचा पहिला सामना कोणता? (पुणे)

२८ एप्रिल १८९४, मैदान ब्लॅकबर्नचं इवूड पार्क. युनायटेडचं नाव तेव्हा न्यूटन हीथ होतं, मँचेस्टर युनायटेड हे नाव १९०२ साली आलं. लिव्हरपूल क्लबही जेमतेम दोन वर्षांचा होता. अ‍ॅनफिल्ड मैदानाच्या भाड्यावरून एव्हर्टनचं मैदानमालकांपैकी जॉन होल्डिंग यांच्याशी बिनसलं, एव्हर्टन निघून गेलं आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगनी १८९२ मध्ये नवा संघ उभा केला.

सामना कसोटी सामन्यांच्या पद्धतीतला होता. पहिल्या विभागातले तळाचे तीन आणि दुसऱ्या विभागातले वरचे तीन यांची तटस्थ मैदानावर एकेक लढत व्हायची. जो जिंकेल तो पुढच्या वर्षी वरच्या विभागात. न्यूटन हीथ पहिल्या विभागात शेवटचं, लिव्हरपूल दुसऱ्या विभागात एकही सामना न हरता पहिलं. लिव्हरपूल २–० ने जिंकलं आणि न्यूटन हीथ खाली गेलं. म्हणजे ओळख झाली तीच एकाने दुसऱ्याला ढकलून देऊन.

पुण्याहून विचारलंत म्हणून जोडून सांगतो: त्या इवूड पार्कवर खेळणारा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाच्या मालकीचा आहे.

सामना भारतात कधी नऊला, कधी दहाला सुरू होतो. छापील वेळापत्रकावर विश्वास ठेवायचा की नाही? (डोंबिवली)

दोष वेळापत्रकाचा नाही, इंग्लंडच्या घड्याळाचा आहे. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. आपण मात्र वर्षभर तिथेच. म्हणून उन्हाळी वेळेत साडेचार तास मिळवायचे आणि हिवाळी वेळेत साडेपाच.

ही लढत बहुधा रविवारी दुपारी साडेचारला ठेवतात. म्हणजे उन्हाळी वेळेत आपल्याकडे रात्री ९, हिवाळी वेळेत रात्री १०. २४ ऑक्टोबर २०२१ चा सामना, ज्यात लिव्हरपूलने युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ५–० केलं, तो आपल्याकडे नऊला सुरू झाला. ५ मार्च २०२३ चा दहाला. शनिवारी तिथल्या साडेबाराचा सामना आपल्याकडे ५ किंवा ६ ला येतो, साडेपाचचा १० किंवा ११ ला. आठवड्यातल्या दिवशी रात्री आठचा असेल तर आपल्याकडे साडेबारा किंवा दीड, आणि इथे तारीख बदलते. बुधवारचा सामना आपल्यासाठी गुरुवार उजाडल्यावर असतो. गजर चुकतो तो इथेच. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तर एकाच फेरीतले दोन दिवस दोन वेगळ्या हिशोबांनी चालतात, तेव्हा जास्त जपा.

सामना संपायला मध्यंतर आणि वाढीव वेळ धरून दोन तास हाताशी ठेवा.

एकूण करंडक कुणाचे जास्त? व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. (नाशिक)

आकडे वेगळे येतात कारण कम्युनिटी शील्ड मोजायची की नाही यावर एकमत नाही. ही हंगामाच्या सुरुवातीची एका सामन्याची लढत आहे. चषक मिळतो, पण तिच्यासाठी कुणी व्यवस्थापकाला काढत नाही.

२०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हाची स्थिती अशी. साखळी विजेतेपदं दोघांची २०–२०. एफए कप युनायटेड १३, लिव्हरपूल ८. लीग कप लिव्हरपूल १०, युनायटेड ६. युरोपियन कप म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग लिव्हरपूल ६, युनायटेड ३. यूएफा कप, आताची युरोपा लीग, लिव्हरपूल ३, युनायटेड १. सुपर कप लिव्हरपूल ४, युनायटेड १. युनायटेडचा १९९१ चा कप विनर्स कप ही स्पर्धा आता बंद आहे, आणि लिव्हरपूलला ती कधीच मिळाली नाही. जागतिक पातळीवर युनायटेडकडे १९९९ चा इंटरकॉन्टिनेन्टल कप आणि २००८ चा क्लब विश्वचषक, लिव्हरपूलकडे २०१९ चा क्लब विश्वचषक.

बेरीज करा: लिव्हरपूल ५२, युनायटेड ४७. आता शील्ड मिळवा, युनायटेडच्या २१ आणि लिव्हरपूलच्या १६. दोन्हीकडे ६८! ज्याला जे सिद्ध करायचं असतं तो तेवढंच मोजतो.

आमच्या मते खरं मजेशीर कोष्टक वेगळंच आहे. लिव्हरपूल पहिलं आणि युनायटेड दुसरं, किंवा उलट, असं साखळीत फक्त पाचदा झालंय: १९४७, १९६४, १९८०, १९८८ आणि २००९. पहिल्या चारांत लिव्हरपूल वर, पाचव्यात युनायटेड. एरवी हे दोघे एकाच शिखरावर क्वचितच भेटले. १९७३ ते १९९० या काळात लिव्हरपूलने ११ विजेतेपदं घेतली आणि त्या सगळ्या काळात युनायटेडला एकही मिळालं नाही. त्यांचा दुष्काळ १९६७ ते १९९३ असा २६ वर्षं चालला. मग व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या हाताखाली १३ विजेतेपदं आली आणि लिव्हरपूल १९९० नंतर थेट २०२० पर्यंत कोरडं राहिलं. लिव्हरपूलला त्यांच्या जागेवरून खाली खेचणं हेच आपलं सर्वांत मोठं आव्हान होतं, असं फर्ग्युसन उघडपणे म्हणत. युनायटेडने लिव्हरपूलच्या १८ विजेतेपदांची बरोबरी २००९ ला केली, १९वं २०११ ला आलं. लिव्हरपूलने २० चा आकडा गाठला तो २७ एप्रिल २०२५ रोजी, टॉटनहॅमला ५–१ हरवून.

२००८-०९ ला लिव्हरपूलने युनायटेडला दोन्ही सामन्यांत हरवलं, तरी विजेतेपद युनायटेडला कसं? (सांगली)

बरोबरीच्या सामन्यांमुळे. अ‍ॅनफिल्डवर २–१ आणि ओल्ड ट्रॅफर्डवर ४–१, दोन्ही लिव्हरपूलने जिंकले. ३८ सामन्यांत लिव्हरपूल फक्त २ हरलं, युनायटेड ४. पण लिव्हरपूलचे ११ सामने बरोबरीत सुटले, युनायटेडचे ६. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, म्हणजे बरोबरी झाली की दोन गुण हातचे गेले. हिशोब: लिव्हरपूल २५ विजय, ११ बरोबरी, ८६ गुण. युनायटेड २८ विजय, ६ बरोबरी, ९० गुण. १९८१ पूर्वीचा विजयाला दोन गुणांचा नियम लावला असता तर ६१ विरुद्ध ६२. तरीही युनायटेडच, पण केसाच्या अंतराने.

या दोन क्लबांत खेळाडूंची देवाणघेवाण होते का? (औरंगाबादहून, आता छत्रपती संभाजीनगर)

थेट? शेवटची १९६४ साली. फिल चिसनॉल युनायटेडकडून लिव्हरपूलला गेला, किंमत २५,००० पौंड. त्यानंतर एकही नाही. २००७ मध्ये गॅब्रिएल हाइन्झेला लिव्हरपूलला जायचं होतं, प्रकरण लवादापर्यंत गेलं, निकाल युनायटेडच्या बाजूने लागला आणि तो रेआल माद्रिदला गेला. पॉल इन्स आणि मायकेल ओवेन दोन्हीकडे खेळले, पण मध्ये दुसऱ्या क्लबांचा फेरा घेऊन.

१९१५ ला या दोन संघांनी सामना ठरवून खेळला होता हे खरं आहे का? (सोलापूर)

खरं आहे. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेड खालच्या विभागात घसरण्याच्या काठावर होतं, लिव्हरपूल मधल्या सुरक्षित जागेवर. पण यात क्लबांचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही. हे खेळाडूंनी आपसात केलं, सट्ट्याच्या पैशासाठी. महायुद्धामुळे स्पर्धा बंद पडणार हे दिसत होतं, पगार थांबणार होता.

ठरलं होतं युनायटेड २–० ने जिंकणार. सट्टेबाज या निकालाला एकास सात भाव देत होते. सामना २–० च सुटला. उघडकीला कसं आलं? दुसऱ्या सत्रात खेळ इतका निर्जीव झाला की प्रेक्षकांनी हुर्यो केली. युनायटेडने पेनल्टी गोलपासून भलतीकडे मारली. शेवटी लिव्हरपूलच्या फ्रेड पॅगनमचा फटका आडव्या दांडीला लागला, तर त्याचेच सहकारी त्याच्यावर चिडले. २–० वरच एकगठ्ठा पैसे लागल्याचं सट्टेबाजांच्या लक्षात आलंच होतं. चौकशीनंतर सात जणांवर आजीव बंदी आली: युनायटेडचे सँडी टर्नबुल, आर्थर व्हॉली आणि इनॉक वेस्ट; लिव्हरपूलचे जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल आणि थॉमस फेअरफूल. युद्धात सेवा केली म्हणून बहुतेकांची बंदी १९१९ मध्ये उठली. टर्नबुल तोवर रणांगणावर मारला गेला होता. वेस्ट शेवटपर्यंत आपण निर्दोष असल्याचं म्हणत कोर्टात गेला आणि हरला. त्याची बंदी १९४५ ला उठली, तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे होता.

निकाल मात्र रद्द झाला नाही. युनायटेड एका गुणाने वाचलं.

५ मार्च २०२३ चा लिव्हरपूलचा ७–० हा विजय नेमका कशामुळे? युनायटेड तेव्हा चांगलं खेळत होतं. (मडगाव)

चांगलं खेळत होतं, आठवड्यापूर्वीच लीग कप जिंकला होता. पहिल्या सत्रातही संधी दोन्हीकडे होत्या. ४३व्या मिनिटाला गाकपोने पहिला गोल केला, मध्यंतराला फक्त १–० होतं.

घात झाला तो ४७ आणि ५०व्या मिनिटाला. नुन्येझ आणि पुन्हा गाकपो, तीन मिनिटांत ३–०. अशा वेळी दोन वाटा असतात: मधली फळी मागे ओढून पडझड थांबवायची, किंवा गोल फेडायला सगळे पुढे जायचे. युनायटेडने धड काहीच केलं नाही. पुढचे चार-पाच जण चेंडूमागे धावले, बचावफळी मागे राहिली आणि मधे मैदानाचा मोठा तुकडा मोकळा पडला. शिवाय बाजूचे बचावपटू वर गेलेले असल्याने त्यांच्या पाठीमागची जागा सालाहला आंदण मिळाली. चेंडू गेला की तो परत मिळवायला कुणी मागे येईना. सालाह ६६ आणि ८३, नुन्येझ ७५, फर्मिनो ८८. सामना पुन्हा पाहणार असाल तर चेंडूकडे पाहू नका, युनायटेडच्या मधल्या फळीतलं अंतर पाहा. त्याआधी या लढतीतला लिव्हरपूलचा सर्वांत मोठा विजय १८९५ चा ७–१ होता, न्यूटन हीथविरुद्ध.

आणि कुणी हा निकाल कायमचा मानू नये. १९ ऑक्टोबर २०२५ ला युनायटेडने अ‍ॅनफिल्डवर २–१ विजय मिळवला, तिथे साखळीत जिंकण्याची जानेवारी २०१६ नंतरची पहिलीच वेळ.

मुलगा लीड्सला शिकतोय. त्याला हा सामना मैदानात पाहायचा आहे. तिकीट कसं मिळेल, आणि काय टाळावं? (रत्नागिरी)

पहिलं, दोन्ही क्लबांत या सामन्याची तिकिटं खुल्या विक्रीला येतच नाहीत असं धरून चाला. क्लबच्या संकेतस्थळावर हंगामाचं सशुल्क सदस्यत्व घ्यावं लागतं, मग सदस्यांच्या सोडतीत नाव द्यायचं. नंबर लागेलच असं नाही. सोडत सामन्याच्या बऱ्याच आधी होते, म्हणून सदस्यत्व हंगामाच्या सुरुवातीलाच घ्यावं. दुसरा मार्ग क्लबच्या अधिकृत आतिथ्य-तिकिटांचा (हॉस्पिटॅलिटी). हमखास, पण महाग. पाहुण्या संघाच्या कोट्यातलं तिकीट स्वस्त असतं, कमाल ३० पौंड, पण त्या जेमतेम तीन हजार जागा वर्षानुवर्षं बाहेरगावी जाणाऱ्यांना मिळतात. नवख्याने तो नाद सोडावा.

मैदानाबाहेर किंवा समाजमाध्यमांवर अनोळखी माणसाकडून तिकीट घेऊ नये. क्लबच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिकीट आता फोनवर येत असल्याने पाठवलेलं छायाचित्र फाटकावर चालत नाही. पैसे जातात ते इथेच.

प्रवासाची गाडी घाईने पक्की करू नये. जूनमध्ये जाहीर होणारी तारीख प्रक्षेपणासाठी एक-दोन दिवस इकडेतिकडे सरकते, वेळ तर बदलतेच. बदल जाहीर झाल्यावर मगच परत न मिळणारं तिकीट काढावं.

यजमान संघाच्या बाजूला बसून पाहुण्या संघाचा शर्ट किंवा जल्लोष दोन्ही महागात पडतं, सुरक्षारक्षक बाहेर काढतात. दोघेही लाल आहेत म्हणून लाल शर्ट चालून जाईल, असं समजू नये; साधा राखाडी किंवा काळा जॅकेट बरा. मैदान दिसतं अशा जागी मद्य न्यायला १९८५ पासून कायद्याने बंदी आहे.

आणि घोषणा. म्यूनिकचा विमान अपघात (६ फेब्रुवारी १९५८, २३ मृत्यू, त्यात युनायटेडचे ८ खेळाडू), हेझेल (२९ मे १९८५, ३९ मृत्यू) आणि हिल्सबरो (१५ एप्रिल १९८९, ९७ मृत्यू) या मैदानांवरच्या दुर्घटना यांवरून टोमणे मारणाऱ्या ओळी आजही काही टोळकी गातात. आजूबाजूचे म्हणताहेत म्हणून अर्थ न कळता सूर मिळवू नये. हा आता पोलिसांत जाणारा गुन्हा आहे, मैदानबंदी काही वर्षांची होते, आणि परदेशी विद्यार्थ्याला असला ठपका परवडणारा नाही.

लीड्सहून दोन्ही शहरांना थेट रेल्वे आहे. अ‍ॅनफिल्ड हे लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकापासून तीन-साडेतीन किलोमीटर; सामन्याच्या दिवशी बस रेंगाळते, चालत पाऊण तास लागतो. मँचेस्टरला ट्रामने जायचं. ट्रामच्या ओल्ड ट्रॅफर्ड थांब्यावर उतरलं की समोर येतं ते क्रिकेटचं मैदान, जिथे १९८३ च्या विश्वचषकात भारताने इंग्लंडला उपान्त्य फेरीत हरवलं. फुटबॉलचं ओल्ड ट्रॅफर्ड तिथून आणखी दहा मिनिटं चालत, गर्दी जिकडे वळेल तिकडे.